हरिहरेश्वरची प्रदक्षिणा: आधी तिथी बघा, मग खोली बुक करा

नमस्कार मंडळी! हरिहरेश्वरला जायचं ठरतं, खोली बुक होते, पण भरती किती वाजता हे बघायचं राहून जातं. देवळामागून पायऱ्या उतरून कड्याच्या पायथ्याशी जी प्रदक्षिणेची वाट आहे, ती फक्त ओहोटीची. भरतीत तिथे लाटा आपटत असतात.

हिशेब कोकणातला, जुनाच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. त्यात सव्वासहा तास मिळवा, सव्वानऊला ओहोटी. वद्य पक्षातही हेच गणित. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचा तक्ता बघाच.

आता गोम कुठे आहे? पौर्णिमा-अमावस्येला भरती येते अकरा-बाराला, तीही उधाणाची. महाशिवरात्रीला चतुर्दशी, म्हणजे साडेदहा-अकरा. दर्शन उरकून गर्दी नेमकी तेव्हाच पायऱ्यांवर येते! अष्टमीला ओहोटी भर दुपारी, पण ती भांगाची; पाणी फारसं मागे हटत नाही. आमचं मत विचाराल तर तृतीया-चतुर्थी उत्तम. साडेआठ-नऊला ओहोटी, ऊनही कोवळं.

ओहोटीच्या तास-दीड तास आधी उतरा, म्हणजे परतेपर्यंत पाणी चढायला लागत नाही. खाली जाण्याआधी दहा मिनिटं नुसत्या लाटा बघा. लहान लाटांमागून मध्येच एक दांडगी येते, माणूस ओढते ती हीच. कोरड्या, करड्या खडकावरून चाला. काळा ओला खडक आणि हिरवट शेवाळ टाळा. सेल्फीसाठी समुद्राकडे पाठ नको. आणि पावसाळ्यात ही वाट विसरा.

(दृश्य: कड्याचा खडक, अगदी जवळून)

ही जाळी बघा, मधाच्या पोळ्यासारखी. खडक लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाटांचे तुषार त्याच्या बारीक छिद्रांत शिरतात, पाणी वाळतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि एकेक कण सुटतो. पायाखालचा सपाट खडक म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला तरंगघर्षित मंच. लाटांनी कडा पायथ्याशी कापत कापत मागे रेटला, त्याचं हे उरलेलं जोतं.

पोहायला इथे नको, खडक फार. श्रीवर्धन किंवा दिवेआगरची पुळण गाठा. तिथेही पाणी ओसरत असताना गुडघ्यापुढे जाऊ नका. दक्षिणेला वेळास-केळशीकडे जायचं तर बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी चढवा आणि वेश्वीला उतरा. शेवटची फेरी किती वाजता, ते जातानाच धक्क्यावर विचारून ठेवा. चुकली तर खाडीला मोठा वळसा पडतो.