कॅम्पर व्हॅन विकायची असेल तर

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की आपल्या किनाऱ्यावर गर्दी सुरू होते, गणपतीपुळे, गुहागर, तारकर्ली, आणि हल्ली त्यात आतमध्ये बेड, छोटा ओटा, पाण्याची टाकी असलेल्या कॅम्पर व्हॅनपण दिसतात. आमच्याकडेही होती एक, जुन्या ट्रॅव्हलर मिनीबसची बनवून घेतलेली, सहा वर्षं फिरलो आणि यंदा एजंट न घालता विकली.

गंजाचं आधी बोलतो. आपल्या खाऱ्या वाऱ्यात गाडी वरून कितीही चकचकीत असू दे, खालून गंजतेच. चिपळूणचा एक जण बघायला आला तर मी अंगणात चटई टाकली, म्हटलं या, खाली शिरा, आणि टॉर्च मारून दाखवलं की मागच्या चाकावर चेसिसचे, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचे, पापुद्रे सुटलेत, नखाने खरवडलं की लाल भुगा हातावर पडतो. छपराची खिडकी पावसात कुठे गळते तेपण सांगितलं. त्याने पैसे कमी केले, करणारच, पण नंतर कटकटीचा एक फोन नाही. लपवून विकलं की वर्षभर फोन येत राहतात हो!

आता कागद, आणि इथे मी कळकळीने सांगतोय, कारण मागे माझी ओम्नी मी नुसत्या स्टॅम्प पेपरवर दिली होती आणि घेणाऱ्याने नाव बदललंच नाही, दीड वर्ष ई-चलान माझ्या मोबाईलवर. चलानचं सोडा, उद्या त्या गाडीने कोणाला उडवलं तर? सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलंय, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणून फॉर्म 29 आणि 30, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे अर्ज, दोघांनी सह्या करून भरा, विकल्याचं आरटीओला 14 दिवसांत कळवायचं असतं, आणि गोव्याकडे वगैरे राज्याबाहेर दिली तर 45 दिवस, पण तिथे फॉर्म 28 ची एनओसी, म्हणजे आरटीओचा ना-हरकत दाखला, लागते. गाडीवर लोन होतं? मग बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, म्हणजे आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायचा अर्ज, आधी.

कॅम्परचा एक वेगळा घोळ असतो. सीट काढून बेड बसवला की गाडी मूळची राहत नाही, तो बदल आरटीओच्या परवानगीने आरसीवर चढलेला हवा. माझा चढलेला होता म्हणून वाचलो, नाहीतर ट्रान्सफर तिथेच अडकली असती.

पैसे बँकेतूनच घ्या, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यातच बसत नाही. फास्टॅग बंद करा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून जाईल.

आणि ट्रायलला एकट्याला चावी देऊ नका, लायसन्स बघा, शेजारी बसा. आमचा चिपळूणवाला आंबा घाटाच्या पायथ्यापर्यंत चालवत गेला, चढावर गाडी दुसऱ्या गिअरवर टाकून इंजिन ऐकलं, तिथे टपरीवर चहा घेतला आणि तिथेच आमचा भाव ठरला.