पुऱ्या तळून झाल्या होत्या

[दृश्य: म्युनिकमधला राहत्या वस्तीचा रस्ता. रविवार सकाळ. दुकानांची दारं बंद, ट्रॅमच्या थांब्यावर एकच माणूस.]

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. वाणसामान, कपडे, खिळे-स्क्रू, सगळंच. बेकरी सकाळी काही तास उघडते, पेट्रोल पंपावर दूध मिळतं, मोठ्या स्टेशनातली दुकानं चालू असतात, बाकी सगळं सोमवारी. ही नुसती पडलेली सवय नाही. रविवारच्या विश्रांतीचं कलम जर्मनीच्या जुन्या, १९१९ च्या वायमार संविधानात होतं, आणि आजच्या जर्मन संविधानाने ते तसंच्या तसं उचलून घेतलंय.

त्यामुळे इथल्या मराठी घरात रविवारचं सगळं आधीच ठरलेलं असतं. आणि रविवारच कशाला, केस कापायलाही इथे वेळ घ्यावी लागते. मुलांनी एकमेकांकडे खेळायला जायचं तरी आयांचे दोन-तीन निरोप इकडून तिकडे जातात. "इथूनच चाललो होतो, म्हटलं डोकावून जावं," म्हणत दारात उभं राहणारं कुणी नाही. परदेशातल्या एकटेपणाबद्दल लोक बरंच बोलतात. मला तर ह्या आखीवरेखीवपणाचाच जास्त कंटाळा येतो.

[दृश्य: स्वयंपाकघर. ओट्यावर मोठा स्टीलचा डबा, झाकण उघडं.]

ऑगस्ट २०२५ मधल्या ह्या रविवारचंही सगळं ठरलेलं होतं. एका मैत्रिणीच्या मुलीचा वाढदिवस, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहाटेच उठून तिखटमिठाच्या पुऱ्या तळून मोकळ्या झाल्या होत्या. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. नऊच्या सुमारास निरोप आला, मुलीला ताप भरलाय, वाढदिवस पुढे ढकललाय.

"आता एवढ्या पुऱ्यांचं काय करायचं गं?" आई म्हणाल्या.

बाबा मालवणचे. तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले, आणि आल्यापासून एकाच गोष्टीने बेचैन. ते म्हणाले, "हंय जवळ पाणी खंय आसा?"

पाणी म्हणजे समुद्र. तो म्युनिकपासून शेकडो किलोमीटर लांब, आल्प्सच्या पलीकडे. पण लेकीने शाळेत शिकलेलं ऐकवलं, की आजोबा, बव्हेरियाचा समुद्र आहे ना, कीमझे! ते आहे तळंच, पण सुमारे ८० चौरस किलोमीटरचं. म्हणून त्याला इथले लोक कौतुकाने समुद्र म्हणतात. बाबांनी लगेच चपला घातल्या.

[दृश्य: रेल्वे स्थानक. तिकिटाचं यंत्र, त्याच्यापुढे अख्खं कुटुंब.]

असं ऐनवेळी उठून जाता येतं ते एका तिकिटामुळे. त्याचं नाव बायर्न-तिकीट. बायर्न म्हणजे बव्हेरिया, म्युनिक ज्यात येतं ते राज्य. पाच जणांपर्यंत एकच तिकीट, दिवसभर राज्यातल्या कुठल्याही साध्या गाडीत बसा, कितीदाही उतरा. शनिवार-रविवारी ते मध्यरात्रीपासून चालतं, ते थेट दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत. जलद गाड्यांना मात्र चालत नाही. आरक्षण नाही, आसन क्रमांक नाही. आम्ही होतो नेमके पाच.

साल्झबुर्गकडे जाणाऱ्या गाडीने प्रीन हे गाव तासाभरावर. फक्त डबा बघून चढायचं, कारण रोझेनहाइमला काही गाड्यांचे दोन भाग होतात. एक जातो साल्झबुर्गकडे, दुसरा कुफ्श्टाइनकडे. गाडीत त्या दिवशी अर्धे लोक डोंगरावर निघालेले, काठ्या आणि बूट घेऊन. आणि मधोमध आमच्या आई, नऊवारीत नाहीत, पण ठेवणीतल्या साडीत. वाढदिवसाला निघालेल्या ना!

[दृश्य: प्रीन. हिरव्या रंगाची छोटी वाफेची गाडी, धूर.]

प्रीन स्टेशनापासून धक्क्यापर्यंत वाफेचं इंजिन लावलेली एक छोटी गाडी उन्हाळ्यात चालते. अंतर जेमतेम दोन किलोमीटर, चालत अर्धा तास. पण ती १८८७ पासून धावते आहे, आणि आजोबा-नात दोघांनीही चालायला साफ नकार दिला. तिचं तिकीट वेगळं, बोटीचं वेगळं.

ही गाडी सुरू झाली एका राजवाड्यामुळे. बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा. तळ्यातल्या हेरेनइन्सेल ह्या बेटावरचं जंगल लाकडाचे व्यापारी तोडणार होते, तेव्हा १८७३ मध्ये त्याने बेटच विकत घेतलं. १८७८ मध्ये बांधकाम काढलं. नमुना फ्रान्समधल्या व्हर्सायचा, आणि तिथल्यासारखाच आरसे महाल इथेही. जेवणाचं टेबल खालच्या मजल्यावर उतरवायचं, तिथे ताटं मांडायची आणि टेबल वर पाठवायचं, म्हणजे नोकराचं तोंड बघायला नको! एवढं करून राजा तिथे राहिला जेमतेम काही रात्री. जून १८८६ मध्ये तो श्टार्नबेर्गच्या तळ्यात मृतावस्थेत सापडला. ऑगस्टमध्ये राजवाडा लोकांना बघायला खुला झाला, आणि पुढच्याच वर्षी पर्यटकांसाठी ही गाडी.

[दृश्य: बोट. मागे डोंगर. नंतर राजवाड्यासमोरची कारंजी.]

आतलं चित्रण तुम्हाला दिसणार नाही, कारण आत फोटो काढायला मनाई आहे. बाहेरचं सगळं लेकीने फोनवर टिपलंय, म्हणून अधूनमधून नुसते पाय दिसतील.

खरं सांगायचं तर आतलं सोनं बघून मी दहा मिनिटांत दमले. आवडला तो न झालेला जिना. एका बाजूला संगमरवरी जिना झगमगतोय, आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याच जोडीचा, नुसत्या उघड्या विटांचा. पैसे संपले, राजा गेला, काम जिथल्या तिथे थांबलं.

२०२५ च्या जुलैत पॅरिसला युनेस्कोची बैठक झाली. तिथे लुडविगचे राजवाडे जागतिक वारसा यादीत आले, त्यात हा एक. आणि त्याच बैठकीत मराठ्यांचे बारा किल्लेही आले, त्यात सिंधुदुर्ग. बाबांना हे सांगितलं तर ते कमरेवर हात ठेवून राजवाड्याकडे नव्याने बघायला लागले.

"म्हणजे आमचो आणि ह्येंचो नंबर एकदमच लागलो!"

मग त्यांनी नातीला शिवाजी महाराजांची आणि सिंधुदुर्ग ज्यावर उभा आहे त्या कुरटे बेटाची गोष्ट सांगितली. १६६४ ते १६६७, भर समुद्रात तट उभा केला तो आरमारासाठी. होडीतून जावं लागतं, हे तेवढं दोन्हीकडे सारखं. "हो राजा पळान हंय इलो," बाबा म्हणाले, "आमचो पाय रोवूक गेल्लो." इतिहासाच्या प्राध्यापकांना हे पटेल का, माहीत नाही. मला पटलं.

[दृश्य: झाडाखाली चादर. डबा. कोरडी चटणी, काकडीच्या फोडी.]

पुऱ्या खाल्ल्या त्या राजवाड्याच्याच बेटावर, एका जुन्या मठाजवळच्या झाडाखाली. ह्या मठात १० ते २३ ऑगस्ट १९४८ ह्या काळात पश्चिम जर्मनीतल्या राज्यांनी पाठवलेले तज्ज्ञ जमले होते. युद्धात बेचिराख झालेल्या देशाच्या नव्या संविधानाचा आराखडा त्यांनी इथे केला, आणि मे १९४९ मध्ये ते संविधान जाहीर झालं. हो, रविवारी आमची दुकानं बंद ठेवणारं तेच. आईंनी एक पुरी जास्त वाढली.

[दृश्य: दुसरं बेट. अरुंद वाटा, फुलांनी भरलेली कुंपणं, मठाचा मनोरा.]

शेजारचं बेट फ्राउएनइन्सेल. अर्ध्या तासात पायी प्रदक्षिणा होते. मोटारी नाहीत. आठव्या शतकात स्थापन झालेला ख्रिस्ती जोगिणींचा मठ इथे अजून नांदता आहे. त्या जोगिणी बदामाची मिठाई करून विकतात. आणि कोळ्यांची घरं आहेत, दाराशी जाळी, मागे धुराच्या भट्ट्या. रेंके नावाचा मासा धुरावर शेकून, पावात घालून देतात.

बाबांनी लांबूनच निकाल दिला. "गोड्या पाण्यातलो मासो. ह्येका काय चव असतली?"

पहिला घास खाल्ल्यावर काही बोलले नाहीत. दुसरा पाव मागितला. आई शाकाहारी, त्या मठाच्या दुकानातल्या मिठाईत साखर किती असेल ह्याचा हिशोब करत उभ्या.

साडेचारच्या सुमारास बाबांनी मान वर केली. "वारो फिरलो." आम्हाला तर ऊनच दिसत होतं. थोड्या वेळाने पलीकडच्या काठावर केशरी दिवा लुकलुकायला लागला. तळ्याभोवती असे दिवे लावलेत. मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर जोराच्या वाऱ्याची पूर्वसूचना, ९० वेळा लुकलुकले तर वादळ, ताबडतोब काठावर या. लेकीने घड्याळ लावून मोजलं. चाळीसच.

बोट मिळाली. ती छोटी गाडी मात्र डोळ्यांदेखत निघून गेली, आणि धक्क्यापासून स्टेशनापर्यंत सगळ्यांना चालावंच लागलं.

[दृश्य: परतीची गाडी. खिडकीवर पावसाचे थेंब.]

बाबांनी कागदात बांधून आणखी दोन मासे घेतले होते, हे गाडी सुटल्यावर अख्ख्या डब्याला कळलं. आम्ही नवरा-बायको खाली मान घालून बसलो. समोरच्या बाई पुढे झुकल्या आणि त्यांनी विचारलं, मासे कुठल्या घरून घेतलेत? बाबांना जर्मन येत नाही. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पावती काढली आणि बाईंच्या हातात दिली.