फोन बाजूला ठेवल्यावर डोक्यात काय राहतं?

नमस्कार मंडळी. नागपूरचा श्रावण, पाऊस थांबला की लगेच चिकचिक, पंखा फुल्लवर असला तरी घाम, त्यामुळे जिथे असाल तिथे जरा हवेशीर बसा आणि मग ऐका, कारण आज मी एआय आणि पोरांचं शिकणं याबद्दल जे सांगणार आहे त्याची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून होते.

मी बीएडच्या विद्यार्थ्यांना शिकवतो, म्हणजे जे उद्या मास्तर होणार त्यांचा मास्तर, वीसेक वर्षं झाली. मागच्या वर्षी एका पोरीने इंग्रजीत असाइनमेंट आणून दिलं, विषय बालमानसशास्त्राचा. उमरेडकडून रोज एसटीने येणारी, सगळं शिक्षण मराठी मीडियममधलं, वर्गात इंग्रजीचं एक वाक्य बोलायचं म्हटलं की खाली मान घालणारी. आणि पानं बघतो तर इंग्रजी एकदम सरळ, कुठे चूक नाही. आजकाल आम्ही मास्तर लोक काय करून राहिलो माहितीये, अशी पानं त्या तपासणाऱ्या वेबसाइटवर टाकतो, जी सांगते की हे माणसाने लिहिलं का मशीनने. मीही टाकली. लाल पट्टी आली, म्हणजे हे मशीनने लिहिलंय. मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं, तिथे दोन सहकारी बसलेले, त्यांच्यासमोरच विचारलं, काय गं, हे चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं ना? ती काही बोलली नाही, नुसतं नाही सर म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती रफ वही घेऊन आली. डाव्या पानावर मराठीत लिहिलेलं, उजव्या पानावर तेच इंग्रजीत, डिक्शनरी बघून बघून, खाडाखोड इतकी की काही ठिकाणी कागद फाटलेला. एकेक वाक्य तीन-तीनदा लिहिलेलं, शेवटी जे सगळ्यात साधं तेच फायनल केलेलं. मी तिची माफी मागितली, आणि ती त्याच दोन सहकाऱ्यांना बोलावून मागितली, एवढं तरी मला सुचलं.

पण मग मला झोप येईना, की मशीन चुकलं कसं? शोधत गेलो तर कळलं, स्टॅनफर्डच्या काही संशोधकांनी 2023 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. सात वेगवेगळे डिटेक्टर, म्हणजे अशाच तपासणाऱ्या वेबसाइट घेतल्या, त्यांना टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले 91 निबंध दिले, म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा लोकांनी स्वतः लिहिलेले. सरासरी काढली तर त्यातले 61 टक्के निबंध मशीनचे ठरले. आणि अमेरिकेतल्या आठवीच्या पोरांचे निबंध मात्र जवळपास सगळे बरोबर ओळखले गेले. कारण ऐका, हे डिटेक्टर बघतात की पुढचा शब्द किती अंदाजाने सांगता येतो. ज्याने इंग्रजी कष्टाने शिकलंय तो साधे, सुरक्षित, ओळखीचे शब्द वापरतो, चुकायला नको म्हणून. मग डिटेक्टरला वाटतं हे तर मशीनसारखंच लिहितंय. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीने जी काळजी घेतली तीच तिच्या अंगाशी आली.

आता बघा, हे सॉफ्टवेअर बनवणारे काही वाईट लोक नसणार, गणित त्यांचं पक्कं असेल. पण त्यांच्या टेबलावर परक्या भाषेत निबंध लिहायला शिकवणारा एक जरी मास्तर बसला असता ना, तर त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, बाप्पा, आमची पोरं अशीच लिहितात.

याला विद्यापीठाच्या भाषेत आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणतात. रेडिओवर हा शब्द एका श्वासात म्हणून दाखवा म्हणजे मानलं. साध्या बोलीत, वेगवेगळ्या डिपार्टमेंटची माणसं एका प्रश्नाभोवती बसतात आणि एकमेकांची खोडी काढतात, आणि ती खोडी फार कामाची असते.

चॅटजीपीटी लोकांसमोर आलं 30 नोव्हेंबर 2022 ला. तेव्हापासून घराघरात एकच भांडण चालू आहे, आई म्हणते पोट्टं नुसतं विचारून उत्तर उतरवतं, बाप म्हणतो अगं ट्युशनचे पैसे वाचून राहिले. दोघंही अंदाजानेच बोलतात. तर एक अभ्यास सांगतो, तुर्कस्तानातल्या एका शाळेतला, जवळपास हजार विद्यार्थी, विषय गणित. आणि गंमत म्हणजे हा करणारी मंडळी मुख्यतः पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमधली, म्हणजे मॅनेजमेंटवाली. त्यांनी पोरांचे तीन गट केले. एकाला नेहमीसारखं पुस्तक-वही. दुसऱ्याला साधा चॅटबॉट, विचारलं की उत्तर देणारा. तिसऱ्याला असा चॅटबॉट ज्याला शिक्षकांच्या सूचना भरलेल्या होत्या, की उत्तर सांगायचं नाही, हिंट द्यायची. सराव करताना दुसरा गट 48 टक्क्यांनी पुढे, तिसरा गट तर 127 टक्क्यांनी पुढे. इथे थांबलं असतं तर कोणत्याही कंपनीने ते आकडे फ्लेक्सवर छापून सीताबर्डीच्या चौकात लावले असते.

पण त्यांनी पुढे चॅटबॉट काढून घेतला आणि पेपर दिला. साध्या चॅटबॉटवाली पोरं, ज्यांना काहीच मिळालं नव्हतं त्यांच्याही 17 टक्के मागे पडली. हिंटवाल्यांचं तसं नुकसान झालं नाही, पण जो 127 चा डोंगर दिसत होता तोही राहिला नाही, ते पुस्तक-वहीवाल्या गटाच्या बरोबरीलाच आले. आणि मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट ही की मागे पडलेल्या पोरांना आपण मागे पडलोय हे वाटतच नव्हतं.

आता कॉम्प्युटरवाल्याला विचाराल तर तो म्हणेल आमचं मॉडेल उत्तर बरोबर देतं ना, झालं. त्याचं मोजमाप उत्तरावर संपतं. हे असं का झालं ते सांगायला मानसशास्त्रवाला लागतो. त्यांच्याकडे याचा जुना पुरावा आहे. 2006 साली रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो परत वाचला, काहींनी परत न वाचता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने विचारलं तर उलटं, परत वाचणारे 42 वर आले आणि आठवून लिहिणारे 56 वर. म्हणजे ज्याला सोपं गेलं त्याचं लवकर पुसलं गेलं. आपल्या आज्या-पणज्या पावकी, निमकी, दिडकी हे पाढे घोकत बसायच्या आणि मास्तर मधूनच उठवून विचारायचा, दीड सात्ते किती? त्या विचारण्यातच खरं काम होत होतं. घोकंपट्टीची मी बाजू घेत नाहीये हां, उगाच चुकीचा अर्थ काढू नका, पण आठवायचा ताण हा शिकण्याचा भाग आहे आणि चॅटबॉट नेमका तोच ताण काढून घेतो.

आणखी एक नाव तुम्हाला सारखं ऐकू येईल, बेंजामिन ब्लूम. शिकागोचा शिक्षणतज्ज्ञ, 1984 साली त्याने लिहिलं की ज्याला एकट्याला शिकवणी मिळते असा सरासरी विद्यार्थी, नेहमीच्या वर्गातल्या 98 टक्के पोरांच्या पुढे जातो. एआयची ट्युशन विकणारे सगळे हाच आकडा दाखवतात, प्रत्येक पोराला स्वतःचा मास्तर, तोही खिशात. पण ब्लूमच्या त्या शिकवणीत नुसता एकटा मास्तर नव्हता, त्यात थोड्या-थोड्या दिवसांनी चाचणी होती, चुकलं ते परत शिकवणं होतं, आणि जमल्याशिवाय पुढचा धडा नाही अशी अट होती. 2011 मध्ये कर्ट व्हॅनलेन नावाच्या संशोधकाने बरेच जुने अभ्यास एकत्र करून पाहिले तर माणसाच्या शिकवणीचा फायदा ब्लूमच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी निघाला, आणि पायरी-पायरीने चुका पकडणारी कॉम्प्युटर ट्युशन जवळजवळ माणसाइतकीच चांगली निघाली. तेव्हा चॅटजीपीटीचा पत्ताही नव्हता, लक्षात घ्या. म्हणजे मशीन शिकवूच शकत नाही असं म्हणणारे माझे सहकारीही चूक.

आता भाषेचं बघू, कारण इथे नागपुरातला आणि गडचिरोलीतला प्रश्न सुरू होतो. कॉम्प्युटर अक्षरं बाइटमध्ये साठवतो. इंग्रजीतला एज्युकेशन हा शब्द 9 बाइटचा. आपला शिक्षण हा शब्द, दिसायला छोटासा, तो होतो 18 बाइटचा, कारण त्यात कानामात्रा, जोडाक्षर धरून सहा खुणा आणि प्रत्येक खुणेला तीन बाइट. आधीची एआय मॉडेल्स मराठीचे असे बारीक-बारीक तुकडे करायची, आणि जितके तुकडे जास्त तितका खर्च आणि वेळ जास्त, त्यामुळे तेच वाक्य इंग्रजीपेक्षा महाग आणि मंद पडायचं. आता सुधारलंय, मद्रास आयआयटीतला एआय फॉर भारत गट आणि सरकारची भाषिणी योजना यांचं भारतीय भाषांसाठीचं काम चालू आहे. पण मराठीला 2024 च्या ऑक्टोबरमध्ये अभिजात दर्जा मिळाला म्हणून चॅटबॉटला वऱ्हाडी कळायला लागली असं काही नाही. पोरगं म्हणतं, मले समजून नाही राहिलं, आणि समोरून पुणेरी प्रमाणभाषेत चार पॅरेग्राफ येतात. त्यात घरात फोन एकच, तोही बापासोबत दिवसभर कामावर जातो, बहिणीचा नंबर भावानंतर लागतो. हे मोजायला समाजशास्त्रवाला पाहिजे, भाषावाला पाहिजे. कोडिंग येणाऱ्या माणसाला हे दिसतच नाही आणि त्यात त्याचा दोषही नाही.

खरं तर विषयांच्या भिंती पाडायची गोष्ट आपल्याला कोणी अमेरिकेतून येऊन सांगायला नको. इथून पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटरवर वर्ध्यात 1937 च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम लिहिला, नई तालीम. टकळीवर सूत काढता-काढता किती फेरे झाले यातून गणित, कापूस कुठल्या मातीत येतो यातून भूगोल, गिरण्या कोणी आणल्या यातून इतिहास. ती योजना नंतर का विरली हा वेगळा विषय, मला तर वाटतं नोकरीच्या बाजारात टकळीला भाव नव्हता हेच मोठं कारण, पण त्यांचा प्रश्न एकदम बरोबर होता, की हाताने काम करताना डोक्यात काय होतं?

तर आम्ही पाच-सहा जणांनी ठरवलं, आपणच छोटं काहीतरी करून पाहू. फार मोठं नाही, फंड नाही, दर शनिवारी कॉलेज सुटल्यावर एका रिकाम्या खोलीत बसायचं, तर्री पोहे आणि चहा आळीपाळीने. एक कॉम्प्युटर इंजिनीअर आहे, एक मानसशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम, एक भाषाविज्ञानवाले, मी, आणि शहराबाहेरच्या एका गावातल्या शाळेतल्या आठवीच्या बाई. आधी आम्ही बाईंना फक्त वर्ग द्या म्हणालो होतो. म्हणजे बघा, आम्हीही तेच केलं, मास्तरणीला सॅम्पल देणारी बाई समजलो.

पहिल्या मीटिंगला इंजिनीअरने लॅपटॉपवर पूर्ण आराखडा आणला. निम्मी पोरं चॅटबॉटसोबत अपूर्णांक सोडवणार, निम्मी वहीत, लगेच एक चाचणी आणि बरोबर सातव्या दिवशी दुसरी, फोन बाजूला ठेवून. मानसशास्त्राच्या मॅडम खूश, कारण सात दिवस हे त्यांच्या पुस्तकातलं. मीही खूश. तारखा लिहून झाल्या, प्रिंट काढल्या.

बाईंनी कागद हातात घेतला, कॅलेंडर मोबाइलवर उघडलं आणि हसायला लागल्या. म्हणाल्या, "सर, सातव्या दिवशी तान्हा पोळा आहे. इकडे नागपुरात मारबतीची मिरवणूक निघणार, तिकडे गावात पोरं लाकडी बैल घेऊन फिरणार. शाळेत तुम्ही अन् मी, दोघंच बसू."

मग त्या बसल्या आणि पेन घेऊन सगळंच बदलायला लागल्या. पोळ्याच्या आदल्या आठवड्यातच निम्मी पोरं शेतावर असतात हे त्यांनी सांगितलं. अपूर्णांक सातवीत झालेत, आठवीला परत घेतले तर हुशार पोरं चॅटबॉटला न विचारताच सोडवतील, त्यापेक्षा बैजिक राशींचे अवयव घ्या म्हणाल्या. चॅटबॉटला हिंट कशी द्यायची तेही त्यांनीच लिहून दिलं, त्यांच्या वर्गातल्या वऱ्हाडी बोलीत, आणि भाषाविज्ञानवाले सर ते वाचून अर्धा तास नुसते टिपणं काढत बसले. इंजिनीअरने एकच विचारलं, मॅडम, तुमचं नाव संशोधकांत पहिलं लिहू का?

बाई म्हणाल्या, नाव नंतर बघू, आधी त्या फोनला आमच्या गावात रेंज येते का ते बघायला या. तर मंगळवारी आम्ही तिघं एसटीने जाऊन राहिलो. नमस्कार.