घरी परतल्यावर काय?

नमस्कार मंडळी. जपानमध्ये खिशात मावतील अशा, अधूनमधून चित्रं असलेल्या कादंबऱ्या ढिगाने निघतात. लाइट नॉव्हेल म्हणतात त्यांना. बऱ्याचशा आधी इंटरनेटवर हप्त्याहप्त्याने येतात. त्यासाठीचं 'शोसेत्सुका नि नारो' हे संकेतस्थळ 2004 पासून चालू आहे. गोष्ट ठरलेली. एक शाळकरी पोरगा दुसऱ्या जगात ओढला जातो आणि तिथल्या दैत्यराजाला लोळवतो. पण काही लेखकांची गोष्ट त्यानंतर सुरू होते, पोरगा घरी परत येतो तेव्हा. आज त्यांच्याबद्दल.

आणि परत येणारा म्हटलं की जपानी माणसाला आठवतो तो उराशिमा तारो. हा कोळी. किनाऱ्यावर पोरं एका कासवाला छळत होती, याने ते सोडवलं. कासवाने याला पाठीवर घेऊन थेट समुद्रतळीच्या राजवाड्यात नेलं. तिथे राजकन्या ओतोहिमे, गाणंबजावणं, पंगती! 3 वर्षं कशी गेली कळलं नाही. मग आईबापांची आठवण येऊ लागली. निघताना राजकन्येने एक पेटी दिली आणि बजावलं, "उघडू नकोस हं."

आता मला सांगा, उघडायची नाही तर दिली कशाला? माझं तर स्पष्ट मत आहे, आहेर उघडा द्यावा. पातेलं असेल तर पातेलं दिसू दे, चमकीच्या कागदात कसलं गुंडाळता!

असो. उराशिमा गावी आला. डोंगर तोच, किनारा तोच, घर मात्र नाही. भेटेल त्याला विचारतोय. एक जण म्हणाला, "उराशिमा? म्हातारे सांगतात ना, एकटाच समुद्रात गेला तो आलाच नाही. झाली की 300 वर्षं." तिथे 3, इथे 300! त्याने पेटी उघडली. पांढरा धूर निघाला आणि उभ्या उभ्या त्याचा म्हातारा झाला.

गोष्ट जुनी आहे. 720 साली पुऱ्या झालेल्या 'निहोन शोकी' या जपानच्या इतिहासग्रंथात 478 सालाखाली तिची नोंद सापडते. आपला रैवत राजा नाही का, रेवतीला स्थळ विचारायला ब्रह्मलोकी गेला आणि खाली 27 चतुर्युगं उलटली! त्याला निदान बलराम जावई मिळाला.

तर मुद्दा वेळेचा. पुन्हा सांगतो, वेळेचा. आजचे पुष्कळ लेखक इथे दयाळू होतात. नायक निघाला त्याच संध्याकाळी परत. तिकडे वर्षानुवर्षं लढला, इकडे आईच्या गॅसवरचं दूधही उतू गेलेलं नाही. मग तो जादू वापरून वर्गातल्या दांडगटांना बडवतो, आणि तिथे मी पुस्तक मिटतो. ज्यात वर्षं खरोखर गेलेली असतात, बहीण वयाने पुढे निघून गेलेली असते, तलवारीला सरावलेल्या हाताला नवा फोन चालवता येत नाही, ती पुस्तकं मात्र मी रात्री जागून वाचतो.