वासाचा रियाज

वास घेण्याची शक्ती मंदावली किंवा गेली, तर ती परत यावी म्हणून करायचा हा हुंगण्याचा रियाज. टेबलावर चार बाटल्या आहेत. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. प्रत्येकीत कापसाचा बोळा आणि त्यावर तेलाचे मोजके थेंब.

आता हाताकडे लक्ष द्या. झाकण निघतं. बाटली नाकाजवळ येते, नाकपुडीला टेकत नाही. जोरात ओढून घ्यायचं नाही, हलकेच हुंगायचं, दहाएक सेकंद. डोळे मिटलेत, कारण लवंगेचा वास कसा होता ते आठवणं चाललंय. वास आला नाही तरी आठवायचंच. नेमकं हेच लोक गाळतात आणि मग म्हणतात, काही फरक पडत नाही. जरा थांबून पुढची बाटली. सकाळी एकदा, रात्री एकदा, निदान बारा आठवडे.

जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी वास गेलेल्या रुग्णांकडून हाच रियाज करून घेतला. 2009 साली निष्कर्ष छापून आले: रियाज करणाऱ्यांपैकी काहींचा वास सुधारला, न करणाऱ्यांचा जवळपास होता तिथेच राहिला. पुढे वयस्कर माणसांमध्येही त्याचा उपयोग दिसला.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसतंय ते नाकाच्या अगदी वरचं अस्तर. इथल्या चेतापेशी जन्मभर झडतात आणि पुन्हा उगवतात. शरीरात फार थोड्या चेतापेशींना हे साधतं, आणि या रियाजाची सगळी आशा याच गुणावर आहे. वयाबरोबर ही उगवण मंदावते. जागोजागी वास न टिपणारं साधं अस्तर पसरतं. अमेरिकेत 53 ते 97 वयाच्या लोकांची चाचणी घेतली, तेव्हा साधारण चौघांत एकाचा वास मंदावलेला निघाला. ऐंशीच्या पुढे साठ टक्क्यांहून जास्त जणांचा. स्वतःहून तसं सांगणारे मात्र दहा टक्केही नव्हते.

हा निलगिरीचा वाफारा. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण तो गारवा वेगळ्याच मज्जातंतूचा. वासाच्या पेशी त्यानं परत येत नाहीत. जिंकगो या झाडाच्या पानांच्या अर्काच्या गोळ्यांचा ठोस फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. आणि कळकळीची विनंती: या बाटल्यांतलं तेल नाकात घालू नका, पिऊ नका. निलगिरीचं तेल पोटात गेलं तर विषबाधा होते. वनस्पतीचं इथलं काम हुंगण्यापुरतंच, आणि तेवढं पुष्कळ आहे.

वास गेला की धूर, गॅसची गळती, नासलेलं अन्न कळत नाही. जेवणावरची वासना उडते.

वास अचानक गेला, एकाच नाकपुडीचा गेला किंवा सोबत हात थरथरणं, विसरणं सुरू झालं, तर बाटल्या बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

टेबलावर या नव्या बाटल्या आल्या. बारा आठवडे झाले की वास बदलायचे आणि रियाज चालू ठेवायचा.