होतं तसं परत

(पडद्यावर काळं टर्मिनल. कर्सर लुकलुकायचा थांबलाय.)

मशीन बंद पडलेलं नाही. प्रोसेसर पूर्ण वेगाने पळतोय, पण एकाच जागी. कर्नलमधल्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, एका फंक्शनने लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घेतलं आणि नेमका तेव्हाच, त्याच कोअरवर (प्रोसेसरच्या त्याच भागावर), टायमरचा इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा, आला. तो इशारा हाताळणाऱ्या फंक्शनला, हँडलरला, तेच लॉक हवंय. लॉक सुटायचं तर आधी हँडलर संपायला हवा. हँडलर संपायचा तर आधी लॉक सुटायला हवं.

म्हणून असं लॉक घेण्याआधी इंटरप्ट बंद करतात. एक्स८६ वर (इंटेल, एएमडीच्या प्रोसेसरवर) प्रोसेसरला एक सूचना पुरते: सीएलआय. प्रोसेसरची स्थिती जपणाऱ्या फ्लॅग्ज रजिस्टरमधला ९ क्रमांकाचा बिट शून्य होतो. टायमर, कीबोर्ड, डिस्क सगळे ताटकळतात. एसटीआय ही उलटी सूचना दिली की बिट पुन्हा एक.

(दोन फंक्शन्स शेजारी शेजारी.)

आता इथे नीट बघा. बाहेरच्या फंक्शनने इंटरप्ट बंद केले, यादीतला एक पॉइंटर (शेजारच्या नोंदीचा पत्ता) बदलला, दुसरा अजून बदलायचाय. मध्येच त्याने एका छोट्या फंक्शनला बोलावलं. त्यानेही इमानदारीत सीएलआय केलं, काम उरकलं, जाता जाता एसटीआय केलं. झाले इंटरप्ट चालू! यादी अर्धवट, आणि बाहेरच्याला पत्ताच नाही. दोन्ही फंक्शन्स सुटी वाचली तर कुठेच चूक सापडत नाही. कर्नल शिकणाऱ्याने सगळ्यात आधी हेच कागदावर काढून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

लिनक्समधलं लोकल_आयआरक्यू_सेव्ह आधी सध्याची स्थिती एका व्हेरिएबलमध्ये जपून ठेवतं, मग इंटरप्ट बंद करतं. लोकल_आयआरक्यू_रिस्टोअर ती जपलेली स्थिती परत आणतं. आधी बंद होते, तर बंदच राहतात. एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्यासाठीच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एक्स८६ आवृत्तीत हे मोजून साधलंय: पुशसीएलआय आकडा एकने वाढवतं, पॉपसीएलआय एकने उतरवतं. शून्यावर आल्यावरच इंटरप्ट चालू, तेही मुळात चालू असतील तरच.

हे सगळं त्या एका कोअरपुरतं. शेजारच्या कोअरला थोपवायला लॉक लागतंच. स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह दोन्ही एकदम करतं.

उरला चालू करण्याचा क्षण. रिकामा कोअर इंटरप्ट बंद ठेवून काम आलंय का बघतो. नसेल तर एसटीआय आणि लगेच एचएलटी, म्हणजे झोप. या दोन सूचनांच्या फटीत इंटरप्ट घुसला असता, तर काम येऊनही कोअर झोपी गेला असता. इंटेलने ती फटच बुजवली आहे: एसटीआयच्या पुढची एक सूचना पार पडेपर्यंत इंटरप्ट आत घेतला जात नाही. कोअर आधी झोपतो, मग टायमर त्याला उठवतो.