जाळीखालची कातडी

नमस्कार, श्रोतेहो. बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या एका काकूंनी मला एकदा चांगलंच धारेवर धरलं होतं. काकांच्या घशाच्या कॅन्सरला 'लाइट', म्हणजे किरणोपचार, चालू होती. तिसऱ्या आठवड्यात मान लालभडक झाली, कातडी सोलायला लागली. काकू म्हणाल्या, "ताई, ती प्लास्टिकची जाळी तुम्ही गरम पाण्यातनं काढून यांच्या तोंडावर दाबलीत. तिनंच भाजलं!"

मी मेडिकल फिजिसिस्ट. किरणांचा डोस शरीरात कुठे किती पडतो, याचा हिशेब ठेवणं हे माझं काम. काकूंचं कारण चुकलं होतं, पण संशय अगदी योग्य जागी होता. जाळीचा यात हात असतो. तो उष्णतेचा मात्र नसतो.

थर्मोप्लास्टिकचा साधारण २ ते ३ मिलिमीटर जाडीचा भोकाभोकांचा पत्रा ७० अंशांच्या आसपासच्या पाण्यात मऊ होतो. मोल्ड रूममध्ये, म्हणजे जाळी बनवायच्या खोलीत, तो चेहऱ्यावर ताणून बसवतात, काही मिनिटांत तो कडक होतो. लागतो तो गरम टॉवेलइतकाच, आणि तेही एकदाच. पुढचे ३५ दिवस तीच थंड जाळी टेबलाला अडकवतात, कारण गाठीच्या शेजारीच लाळग्रंथी आणि मज्जारज्जू असतात. मान चार-पाच मिलिमीटर हलली तरी आमचा हिशेब बिघडतो. रोज उठताना गालांवर दिसणारी जाळीची नक्षी दाबाची असते, थोड्या वेळात जाते.

मग कातडी लाल का होते? ठाण्यातली विसर्जनाची मिरवणूक आठवा. मंडपापाशी माणसं थोडीच असतात. प्रत्येक गल्लीतून आणखी येऊन मिळतात आणि पुढे कुठेतरी गर्दी पूर्ण भरते. किरणांचंही तसंच. क्ष-किरण शरीरात शिरले की वाटेतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात, ते पुढे धावतात, वाटेत आणखी मिळतात. खरा डोस देतात ते हे इलेक्ट्रॉन. ६ एमव्हीच्या (साठ लाख व्होल्टच्या) मशिनमध्ये ही गर्दी कातडीखाली साधारण दीड सेंटिमीटरवर भरते. उघड्या कातडीवर समोरून झोत पडला तर तिच्या वाट्याला येतो कमाल डोसच्या पाचव्या भागाच्या आसपास. जुन्या कोबाल्ट मशिनमध्ये हेच अंतर अर्धा सेंटिमीटर होतं.

आता जाळी घाला. मिरवणूक तुमच्या दारापासून नाही, एक गल्ली आधीच निघाली. दारात पोचेपर्यंत गर्दी जमलेली. जाळीखाली कातडीचा डोस दुप्पट किंवा त्याहून जास्तही होऊ शकतो, आणि जिथे नवी कातडी तयार होते तो नाजूक थर तर वरून मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही खोल नसतो. जाळी जितकी ताणली जाईल तितकी पातळ होते, तितका हा परिणाम कमी. जिथे ती कमी ताणली गेली तिथे जाड राहते आणि डोस वाढवते.

पण सगळं खापर जाळीवर फोडू नका. आयएमआरटी या किरणोपचाराच्या पद्धतीत झोत बऱ्याच बाजूंनी येतात, त्यातले काही मानेला घासून तिरके जातात. त्यामुळे तिथे कातडीचा डोस मुळातच वाढलेला असतो, जाळी त्यात भर घालते. शिवाय प्लॅनिंगच्या कॉम्प्युटरचा पृष्ठभागावरचा आकडा डोळे मिटून मानायचा नसतो. म्हणून शंका आली की आम्ही जाळीखाली डोस मोजायच्या फिल्मचा छोटा तुकडा चिकटवून मोजतो. गाठ कातडीपासून दूर असेल तर तेवढ्या भागातली जाळी कापूनही टाकता येते. मात्र फार कापली तर ती लवचिक होते आणि मान हलते. उलट गाठ कातडीपर्यंत आलेली असेल तर आम्हीच वरून मेणासारखा थर ठेवून डोस मुद्दाम वाढवतो.

घरच्यांनी एवढंच पाहावं: मानेला तेल, हळद, बाम काही लावू नका, ब्लेडनं दाढी नको, कॉलर सैल सुती असावी. वजन उतरून जाळी सैल वाटली तर त्याच दिवशी टेक्निशियनला सांगा, नवी बनवता येते.

काकांची लाइट संपली. मान महिन्याभरात बरी झाली. जाळी ते घरी घेऊन गेले. पुढच्या तपासणीला आल्यावर काकू सांगत होत्या, कढत पाण्यात टाकली तर यांचा चेहरा विरघळून गेला, सपाट पत्रा उरला. आता त्यावर बोंबील वाळतात म्हणे.